कायमचा पत्ता, वार्षिक भाड्याने

गल्लीतल्या कुठल्याही इंटरनेटवाल्याचे दरपत्रक घ्या. वेगानुसार महिन्याचे दर संपले की खाली एक वेगळी ओळ असते : स्टॅटिक आयपी, वर्षाला अमुक रुपये जादा. बहुतेक गिऱ्हाइकांचा तिच्याशी काही संबंध येत नाही. ती घेणारे लोक ठरलेले. दुकान बंद करून घरी गेल्यावर मोबाइलवर कॅमेऱ्यातून दुकान बघणारा सराफ, ऑफिसातली टॅली घरून उघडू पाहणारा सीए, जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची वेबसाइट चालवण्याची हौस असलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. बाकी सगळे जण घरातून बाहेरच्या इंटरनेटवर जातात. या मंडळींना बाहेरून घरात यायचे असते.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत हे पैसे कोणी मागितले असते तर ऐकणाऱ्याला नवल वाटले असते. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता मिळे, तो बदलत नसे, आणि त्या पत्त्यावर कोणीही थेट येऊन धडकू शके. यंत्र नेटवर्कवर आहे याचा अर्थच तो होता.

इंटरनेटचे पूर्वज असलेल्या, अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर १९७०च्या दशकात यंत्रे इतकी थोडी होती की त्यांची यादी एका फाइलमध्ये मावे. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळत असे. नवे यंत्र जोडायचे तर त्या कचेरीला कामाच्या वेळेत कळवायचे; मग नाव आणि क्रमांक फाइलमध्ये चढे आणि इतर यंत्रे ती फाइल उतरवून घेत. ऑगस्ट १९८१ मध्ये या जाळ्यावर २१३ यंत्रे होती. क्रमांकांचा हिशोब दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जॉन पोस्टेल यांच्याकडे. दाढीवाले, अबोल पोस्टेल सुरुवातीला हे काम वहीत करत, असे सांगतात ते खोटे वाटू नये इतका तो कारभार घरगुती होता.

त्याच १९८१च्या सप्टेंबरात आयपी पत्त्याचा आजही चालणारा आराखडा प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट जुनी पद्धत टाकून त्यावर आले. पत्त्याची लांबी ३२ बिट, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. हा आकडा इंटरनेटच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या विंट सर्फ यांनी १९७७ मध्ये ठरवला. आपण एक प्रयोग करत आहोत आणि प्रयोगाला एवढे पुष्कळ झाले, अशी त्यांची समजूत होती. प्रयोग पुढे कधी संपलाच नाही, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे.

वाटपही सढळ हाताने झाले. मोठ्या संस्थेला ‘ए’ वर्गाचा गट, म्हणजे एकदम १,६७,७७,२१६ पत्ते. मधल्या संस्थेला ‘बी’ वर्ग, ६५,५३६ पत्ते. छोट्याला ‘सी’, २५६ पत्ते. एमआयटीला १८ने सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले, ॲपलला १७चे, फोर्ड मोटारला १९चे. जागेची ददात नसलेल्या गावात जमीन वाटतात तसे पत्ते वाटले गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला ३६चा गट २००० साली परत केला, पण असे करणारे फार थोडे.

भारतात या वाटपाचा वाटा आला तो ‘अर्नेट’ या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यामुळे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. मुंबईतल्या जुहूचे एनसीएसटी हे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या. जुहूला श्रीनिवासन रमणी यांच्या गटाने टेलिफोन लायनीवरून पवईच्या आयआयटीशी ईमेलची देवाणघेवाण सुरू केली. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ने सुरू होणारा ‘बी’ वर्गाचा गट मिळाला. एका खंडप्राय देशाच्या साऱ्या संशोधन संस्थांना मिळून ६५,५३६ पत्ते; एकट्या एमआयटीकडे त्याच्या २५६ पट. तरीही त्या वेळी कोणी तक्रार केली नाही, कारण जोडायला यंत्रेच कुठे होती?

घरापर्यंत इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या (व्हीएसएनएलच्या) रूपाने. आणि घराला पत्ता मिळण्याच्या गोष्टीत इथेच पहिली मेख आहे. विद्यार्थ्यांना परवडणारे जे ‘शेल अकाउंट’ होते, त्यात घरच्या कॉम्प्युटरला पत्ता मुळी नसेच. मोडेमने व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्राला फोन लावायचा, काळ्या पडद्यावर ‘पाइन’मध्ये पत्रे वाचायची, ‘लिंक्स’मध्ये चित्रांविना वेबपाने बघायची. इंटरनेटवर असे ते निगमाचे यंत्र; घरातला कॉम्प्युटर ही केवळ त्याची लांब पडलेली खिडकी. महागडे टीसीपी/आयपी खाते घेणाऱ्याच्या कॉम्प्युटरला खराखुरा पत्ता मिळे, पण फोन चालू असेपर्यंतच. लाइन तुटली की तो पत्ता पुढच्या माणसाला. कंपनीला गिऱ्हाइकांइतके पत्ते लागतच नसत, मोडेमांइतके पुरत. पत्ता उसना द्यायचा आणि परत घ्यायचा ही पद्धत कचेऱ्यांतल्या जाळ्यांवरही याच सुमारास रुळत होती. त्यासाठीचा डीएचसीपी हा नियम ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर पश्चिमेत खडखडाट ऐकू येऊ लागला होता. ‘सी’ वर्ग बहुतेकांना अपुरा आणि ‘ए’ मिळणे कठीण, म्हणून जो तो ‘बी’ मागे. आणि ‘बी’ गट सारे मिळून जेमतेम १६,३८४. ते काही वर्षांत संपतील, हे १९९१ सालीच दिसू लागले. १९९३ मध्ये ए-बी-सी हे वर्गच मोडीत काढले आणि गरजेपुरते मोजून पत्ते द्यायचे ठरले. मोठ्या पत्त्यांची नवी व्यवस्था, म्हणजे पुढचे आयपीव्ही६, तयार व्हायला वेळ लागणार होता. तोपर्यंतची मलमपट्टी म्हणून एक कल्पना पुढे आली.

पॉल फ्रान्सिस आणि केल एगेवांग यांनी मे १९९४ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध केला. कल्पना अशी : संस्थेच्या आतल्या यंत्रांना खाजगी पत्ते द्या, बाहेर जाणारे प्रत्येक पाकीट दारात अडवून त्यावरचा आतला पत्ता खोडा आणि बाहेरचा लिहा, उत्तर आले की उलट करा. हा उपाय तात्पुरता आहे, हे लेखकांनी त्यातच नमूद केले होते. नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, बोलीत ‘नॅट’. त्याच वर्षी जॉन मेयस यांच्या छोट्या अमेरिकन कंपनीने हे काम करणारी पेटी बाजारात आणली. तिचे नाव पिक्स, आणि ते कचेरीतल्या टेलिफोन एक्स्चेंजवरून, पीबीएक्सवरून, मुद्दाम बेतलेले होते. बाहेर एकच नंबर, आत पन्नास एक्स्टेन्शन. ईपीएबीएक्स पाहिलेल्या कुणालाही नॅट पाच मिनिटांत समजते. सिस्कोने ती कंपनी १९९५ मध्ये विकत घेतली.

आतल्या एक्स्टेन्शनांसाठी क्रमांकही राखून ठेवले गेले. १९९६च्या फेब्रुवारीत ठरलेल्या यादीत तीन गट आहेत, त्यांतला १९२.१६८ आज घराघरांत आहे. दुसरा, १०ने सुरू होणारा, मुळात खुद्द अर्पानेटचा. ते जाळे १९९० मध्ये बंद झाले आणि त्याचा क्रमांक मोकळा पडला. जिथे जगातल्या पहिल्या यंत्रांना कायमचे पत्ते मिळाले होते, तो गट आता ‘हा पत्ता बाहेर चालत नाही’ याची खूण बनला. ही यादी पक्की होण्याआधी यावर भांडणही झाले. जुलै १९९४ मध्ये काही अभियंत्यांनी लेखी विरोध नोंदवला : एकच पत्ता हजार ठिकाणी वापरलात तर पत्ता या गोष्टीला अर्थ उरत नाही. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण टंचाईपुढे ते टिकले नाही.

घरोघरी केबल आणि डीएसएल जोडण्या आल्या तशी नॅटची पेटी स्वस्त होऊन घरात आली. लिंक्सिससारख्या कंपन्यांचे चार पोर्टांचे निळे-काळे राउटर १९९९-२०००च्या सुमारास दुकानांत दिसू लागले. डिसेंबर २००२ मध्ये आलेला त्यांचा वायफायवाला डब्ल्यूआरटी५४जी तर वर्षानुवर्षे विकला गेला. एका जोडणीवर दोन-तीन कॉम्प्युटर चालले, लोक खूश झाले. काय गेले ते कळले गेम खेळणाऱ्यांना. दोन मित्रांनी आपापल्या घरून एकमेकांविरुद्ध खेळायचे तर एकाच्या कॉम्प्युटरने यजमान व्हायला हवे, म्हणजे दुसऱ्याची हाक आत यायला हवी. नॅट आतून बाहेर गेलेल्या हाकेचे उत्तर तेवढे आत सोडते. बाहेरून स्वतःहून आलेली हाक कुठल्या एक्स्टेन्शनला जोडायची हे तिला ठाऊकच नसते. ती हाक टाकून देते.

इथे कामी आले पोर्ट. एका यंत्रावर अनेक कामे चालतात, प्रत्येक कामाला ० ते ६५,५३५ मधला एक क्रमांक. वेबला ८०, दूरस्थ लॉगिनच्या टेलनेटला २३, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीला २१. या क्रमांकांची नोंदही पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स यांच्याकडेच. १९९५ मध्ये हेलसिंकीत तातू यल्योनेन या तरुणाने टेलनेटला सुरक्षित पर्याय म्हणून एसएसएच लिहिले. त्याने पाहिले, २१ आणि २३च्या मधला २२ रिकामा आहे. त्याने ईमेल करून तो मागितला. दुसऱ्या दिवशी रेनल्ड्स यांचे उत्तर आले : २२ तुमचा. ना अर्ज, ना फी. आजही जगातले सर्व्हर त्याच दाराने उघडतात.

राउटर बनवणाऱ्यांनी या क्रमांकांचा आधार घेऊन एक छोटा तक्ता दिला. अमुक पोर्टवर बाहेरून हाक आली तर ती आतल्या अमुक पत्त्याकडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. कोणी त्या पानाला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हटले, लिंक्सिसने तर ‘ॲप्लिकेशन्स अँड गेमिंग’ म्हणून गिऱ्हाईक कोण ते उघडच करून टाकले.

भारतात हा तक्ता भरायला शिकवले ते कॅमेऱ्यांनी. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे ‘डेटावन’ आणि मुंबईत एमटीएनएलचे ‘ट्राय बँड’ आले. पाठोपाठ दुकानांत चार-आठ कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर लागले. कॅमेरे बसवणारा मुलगा शेवटी लॅपटॉप काढतो, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकतो, राउटरच्या पोटावरच्या लेबलावरून पासवर्ड वाचतो. फॉर्ममध्ये चार रकाने : बाहेरचा पोर्ट ८०००, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतला पोर्ट ८०००, प्रकार टीसीपी. सेव्ह. मग आपल्या मोबाइलचे वायफाय बंद करून, सिमच्या डेटावरून बघतो. चित्र आले की पैसे घेऊन निघतो.

आणि पंधरा दिवसांनी दुकानदाराचा फोन येतो, की चित्र गेले. वीज गेली होती. राउटर पुन्हा सुरू झाला, त्याने पत्ते नव्याने वाटले; .५० आला नोकराच्या मोबाइलला आणि डीव्हीआर गेला .५३वर. तक्ता अजून .५०कडेच बोट दाखवतो आहे. जाणकार कारागीर म्हणून आधी डीव्हीआरचा आतला पत्ता पक्का करतो : एक तर त्याच्याच मेनूत हाताने भरतो, नाहीतर राउटरमध्ये त्याच्या मॅक क्रमांकापुढे, म्हणजे कारखान्यातून आलेल्या ओळख-क्रमांकापुढे, तो पत्ता राखून ठेवतो. स्टॅटिक आयपी या एका नावाखाली खरे तर दोन कामे आहेत. हे आतले फुकट असते. बाहेरचे, म्हणजे दुकानाच्या जोडणीचा जगाला दिसणारा पत्ता पक्का करण्याचे, विकत.

बाहेरचा पत्ता विकत न घेता काम भागवण्याची युक्ती १९९८ मध्ये निघाली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर पॉलिटेक्निकच्या काही विद्यार्थ्यांनी डिनडीएनएस ही फुकट सेवा काढली. पत्ता बदलला की घरचे यंत्र त्या सेवेला कळवणार, सेवा तुमच्या नावापुढचा पत्ता बदलणार. तुम्ही नाव लक्षात ठेवा. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये या सेवेचा रकाना कायमचा आला. पुढे त्यांची ‘डिन’ ही कंपनी मोठमोठ्या वेबसाइटींची नावे सांभाळू लागली, आणि मे २०१४ मध्ये फुकट सेवा बंद करण्यात आली.

त्याआधी तक्ता भरण्याचा त्रासही कमी करण्यात आला होता. २००१ मध्ये ठरलेल्या यूपीएनपी नियमाने घरातले कुठलेही यंत्र राउटरला सांगून आपल्यासाठी दार उघडून घेऊ शके. राउटर ‘तू कोण’ असे विचारत नसे. २०१३च्या जानेवारीत रॅपिड७ या कंपनीने जगभरच्या चाचपणीचा निकाल प्रसिद्ध केला, त्यात ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरची यंत्रे बाहेरूनच यूपीएनपीला उत्तर देताना सापडली. आतल्यांसाठीची सोय रस्त्यावरच्या कोणालाही उपलब्ध होती.

हिशोब चुकता झाला २१ ऑक्टोबर २०१६ रोजी. ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने इंटरनेटवर उघडी असलेली कॅमेरे, डीव्हीआर, राउटर अशी यंत्रे शोधून काढली. टेलनेटच्या पोर्ट २३वर जायचे आणि कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायच्या, एवढीच त्याची करामत. अशा यंत्रांच्या फौजेने त्या दिवशी हल्ला केला तो नेमका डिन कंपनीवर. अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय तासन् तास उघडेनात. घरच्या कॅमेऱ्याला जगात नाव मिळवून देणारी कंपनी घरच्या कॅमेऱ्यांनीच लोळवली. मिराय लिहिणारे तिघे अमेरिकन तरुण पुढे पकडले गेले. त्यांची सुरुवात माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरांवरच्या कुरघोडीतून झाली होती.

मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या चाळींत आणि सोसायट्यांत या सगळ्याच्या आधीपासून वेगळाच प्रकार रुळला होता. स्थानिक केबलवाला इमारतींच्या गच्च्यांवरून लॅनच्या तारा टाके, जिन्याखाली स्विचची पेटी ठोके आणि नवीन गिऱ्हाइकाला कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी लिहून देई : पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस. ते आकडे विंडोजमध्ये हाताने भरायचे. कार्डाचा मॅक क्रमांक त्याच्याकडे नोंदलेला असे. कार्ड बदलले की नेट बंद, मग ‘मॅक बाइंड करून द्या’ म्हणून फोन. हा पत्ता वर्षानुवर्षे तोच राही, पण असे १०चा किंवा १९२.१६८चा. अख्खी सोसायटी एकाच नॅटमागे. घरच्या राउटरमध्ये कितीही तक्ते भरले तरी हाक केबलवाल्याच्या पेटीवरच थांबे, आणि त्या पेटीचा तक्ता त्याच्या हातात.

त्या केबलवाल्याने नाइलाजाने केले तेच पुढे मोठ्या कंपन्यांना करावे लागले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मायामीत छोटा समारंभ करून जगाच्या कोठारातले शेवटचे पाच गट पाच खंडीय नोंदणी संस्थांना देण्यात आले. आशियाची संस्था एपनिक सगळ्यांत आधी तळाला गेली : १५ एप्रिल २०११. नंतर तिथे प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत. २०१९ पासून ५१२. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या एखाद्या तालुक्याच्या इंटरनेटवाल्याकडे पाच हजार घरे असतील, तर दहा घरांमागे एक पत्ता. अशा इंटरनेटवाल्यांनी सगळ्या घरांना मोठ्या नॅटमागे बसवले. या मधल्या थरासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा खास गट राखला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’पुढे असा आकडा दिसला की कारागीर लॅपटॉप मिटतो, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही. पोलिसांनाही आता नुसता पत्ता पुरत नाही. त्या क्षणी त्या पत्त्यामागे अनेक घरे असतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक मिळाला तरच घर सापडते.

टंचाई आली तसा बाजार आला. दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ७५ लाख डॉलरना घेतले, नगाला सव्वाअकरा डॉलर. एमआयटीने २०१७ मध्ये जाहीर केले की आपल्या १.६ कोटी पत्त्यांपैकी १.४ कोटी कधी वापरलेच गेले नाहीत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक विकायला काढले. मोठा घेणारा ॲमेझॉन. त्याच ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या क्लाउडवरच्या प्रत्येक जुन्या ३२ बिटी, म्हणजे आयपीव्ही४, पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडे लावले, वर्षाला साधारण ४४ डॉलर. गल्लीतला इंटरनेटवाला स्टॅटिक आयपीचे पैसे घेतो तेव्हा तोही हाच धंदा छोट्या प्रमाणावर करत असतो.

ज्या नव्या व्यवस्थेसाठी नॅट ही मलमपट्टी होती, ती आयपीव्ही६ डिसेंबर १९९५ मध्येच कागदावर आली होती. भारतात ती लोकांपर्यंत पोचली सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या सिमकार्डांतून. कोट्यवधी नव्या फोनांना देण्याइतके जुने पत्ते कोणाकडेच नसल्याने कंपनीने सुरुवातीपासूनच आयपीव्ही६ धरले, आणि त्याच्या वापरात भारत जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसला. फायबरच्या जोडणीवर घराला मिळणारा छोट्यात छोटा गटही साऱ्या आयपीव्ही४ इंटरनेटच्या चारशे कोटी पट मोठा असतो. प्रत्येक दिव्याला आणि पंख्याला खराखुरा पत्ता देता येतो.

तरी राउटरमधला तो फॉर्म गेलेला नाही. बाहेरची हाक आत सोडायची नाही, हाच राउटरांचा मूळ शिरस्ता झाला आहे. आयपीव्ही६मध्ये नॅट नसले तरी फायरवॉल असते, आणि डीव्हीआरसाठी तिथेही भोक पाडावेच लागते. शिवाय बघणाऱ्याच्या बाजूलाही आयपीव्ही६ लागते. जिओच्या फोनवरून दिसणारे दुकान एखाद्या जुन्या ऑफिसच्या वायफायवरून दिसत नाही. कॅमेरे बनवणाऱ्यांनी या कटकटीतून वेगळीच वाट काढली : नवा डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला आतून फोन लावून ठेवतो, दुकानदार डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, आणि सराफाच्या दुकानाचे चित्र आधी त्या कंपनीच्या यंत्रावर हजेरी लावून मग त्याच्या मोबाइलवर येते. ज्यांना ते नको असते ते वर्षाचे पैसे भरून जुना आयपीव्ही४ पत्ता घेतात, आणि कारागिराला सांगून डीव्हीआरचा पासवर्ड आधी बदलून घेतात.